मंगळावरच्या टेकड्या

हे आजवर कुणापाशी बोलले नाही. तुम्हालाच का सांगतेय — कोण जाणे. रिटायर झाल्यापासून रोह्याच्या घरात दिवसदिवस तोंड उघडावं लागत नाही, म्हणून असेल.

मी भूगोल शिकवायचे. शाळेच्या प्रदर्शनात मुलांना मंगळाची जमीन हाताने चाचपता यावी, असं माझ्या डोक्यात आलं. यानाने टिपलेला फोटो मोठा छापून घेतला आणि पेणला सुनंदाकडे गेले. सुनंदा माझी बालमैत्रीण. गणपतीच्या कारखान्यात तिचा जन्म गेलेला. गणपती सोडून दुसरं काही घडवायची तिला केवढी हौस! फोटोवर बोट ठेवून तिने विचारलं, हे वर की खाली? टेकड्या आहेत, मी ठणकावून सांगितलं.

ते खड्डे होते. ऊन फोटोच्या खालच्या बाजूने आलं की खड्डे डोळ्यांना उंचवटे वाटतात. फोटोखाली तशी टीपही होती. पण मी — भूगोलाच्या बाई — टीप वाचते कशाला?

तिने शाडूत मंगळ घडवला, तांबूस रंगवला. प्रदर्शनाला मुंबईहून एका विज्ञान केंद्राचे साहेब आले. तिचा हात त्यांना इतका आवडला की चंद्राचंही काम देतो म्हणाले. सुनंदाचा चेहरा काय फुलला होता! मग त्यांनी फोटो शेजारी धरला. बाई, हे उलटं कसं?

माझं चुकलं — एवढंच म्हणायचं होतं ना? पण हेडमास्तर उभे होते, पालक उभे होते. मी हसत म्हणाले, "अहो, ही साच्यात काम करणारी माणसं. साच्यात गणपतीचं पोटसुद्धा खड्डाच. त्यांना सगळं उलटंच दिसायचं."

सगळे हसले. चंद्राचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आवराआवर करताना सुनंदाने हळूच विचारलं, "तू टेकड्याच म्हणालीस ना गो?"

"नाही. खड्डे म्हणाले होते."

तिला ते खरं वाटलं. माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सवयच होती. माझ्यापायी तुझी शोभा झाली, म्हणत तिने माझी माफी मागितली.

मी पेणला जाणं सोडलं. दुसरी मैत्रीण — नाही झाली.

परवा कोलाडला एका लग्नात सुनंदा भेटली. कुणीतरी तिला मातीचे डोंगर-किल्ले घडवायचं काम विचारत होतं. "मला नाय जमायचं," ती म्हणाली. "बाईंचा अख्खा मंगळ उलटा केला मी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे गं, मी कधीच विसरले ते."