मुक्या बटणांची पावणी

लाटंबार्शाच्या एका काजूबागेची पावणी, म्हणजे लिलाव, पूर्वी देवळाच्या मंडपात व्हायची. बाग एका संस्थेची. ज्याची बोली मोठी, त्याला त्या मोसमाचा काजू. कित्येक वर्षं ती मीच घेतली. काचबिंदूने माझी नजर विझत गेली, तरी मंडपात कुणाला पत्ता लागला नाही. तिथे कान पुरायचे. कारापूरचा एक व्यापारी माझ्याविरुद्ध बोली लावायचा. माघार घेण्याआधी तो हमखास खाकरायचा. तो खाकरला की मी बोली थोडीशीच वाढवायचो. मग "एकवार, दोनवार", आणि पावणी जिंकल्याचा नारळ माझ्या हातात.

संस्थेने पावणी वेबसाइटवर नेली आणि मी आंधळा ठरलो.

माझा फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो. त्या पानावर तो नुसता म्हणे, "बटण. बटण. चित्र." चित्रातली अक्षरं ओळखून लिहायची, तीही पाच मिनिटांत; नाहीतर पान बंद.

बायको म्हणाली, "मियां भरतंय मा. तुमी नुसतो आकडो सांगा."

"मनातलो आकडो मियां देवाक सांगूक नाय, तुका सांगतलंय?"

त्या वर्षी बाग गेली. ती चीड अजून उतरलेली नाही.

पुढे कळलं, यासाठी नियमच आहेत: बटणाला नाव हवं, चित्राला ऐकण्याचा पर्याय हवा, वेळ वाढवून मिळायला हवा. मी संस्थेच्या कार्यालयात गेलो.

कारकून म्हणाला, "काका, घरच्या कुणाकडून भरून घ्या ना."

"तुझं मत तू शेजाऱ्याकडून टाकून घेतोस?"

माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. मी पाच गोष्टी मागितल्या, हव्या होत्या तीन. दोन मिळाल्या: बटणांना नावं आणि वाढीव वेळ. चित्र अजून मुकंच आहे.

यंदा बायकोने चित्रातली अक्षरं वाचली, मग मी तिला चुलीकडे पिटाळलं. फोन म्हणाला, "बोली लावा. बटण." दाबलं. कुणीतरी त्याहून मोठी बोली लावल्याचं फोनने सांगितलं. मी पुन्हा दाबलं. कान टवकारून बसलो, पण खोलीत फक्त पंखा. थांबायचं कुठे ते कळेना. बाग मिळाली, पण मनातल्या आकड्याच्या बरंच वर जाऊन.

संध्याकाळी कारापूरकराचा फोन आला. बोलण्याआधी तो खाकरला.

"घेतलंस मरे बाग!"

"आता खाकरतंस? सकाळी खाकरूक काय झालां होतां?"