हलगरे सरांचे सोनाटे आणि माझी लुडबुड

प्रा. हलगरे सरांच्या दारात मी पहिल्यांदा उभा राहिलो, तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला शिकवा असं सांगायला. अर्धापूरच्या केळीवाल्याचं पोरगं मी. नांदेडच्या उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून सरांनी पियानोखाली पाण्याची बादली ठेवली होती. एकाच सोनाट्याच्या, म्हणजे पियानोवरच्या एका लांब पाश्चात्त्य रचनेच्या, दोन छापील प्रती माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "आधी फरक शोध. वाजवायचं मग बघू." दोन महिने मी पियानोच्या पट्टीला बोट लावलं नाही. वडील विचारायचे, "काय करून राहिलास रे तिथं?" काय सांगणार, कप्पाळ!

सरांनी नोकरी केली रसायनशास्त्र शिकवण्याची. आयुष्य वाहिलं ते एका जुन्या युरोपीय रचनाकाराच्या या सोनाट्यांना. रचनाकारानं काय लिहिलं आणि नंतरच्या संपादकांनी पदरचं काय घुसडलं, हे एकेक स्वर तपासून वेगळं करायचं आणि मराठी टिपांसह नवी आवृत्ती काढायची. त्यासाठी परदेशी ग्रंथालयांना पत्रं लिहून त्यांनी जुन्या प्रतींच्या झेरॉक्स मागवल्या. "आपल्याला पटलं न्हाई म्हणून बदलायचं न्हाई," हे त्यांचं नेहमीचं सांगणं.

माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा सर रोज स्कूटरवरून डबा आणायचे. मी संकोचलो, तर म्हणाले, "तुझ्या काकूनं केलंय. मी नुसता हमाल हाय."

अशा माणसाशी मी काय केलं, ते आता सांगतो. गेल्या वर्षी सरांची नजर मंदावली. तेव्हापासून छपाईला जाणारी पानं मी वाजवायची आणि त्यांनी ऐकून तपासायची, असं ठरलं. तिसऱ्या सोनाट्यात एके ठिकाणी सरांनी काळ्या पट्टीचा स्वर लिहिला होता. कानाला खुपणारा. बाकी साऱ्या पुस्तकांत तिथं पांढरी पट्टी. मला वाटलं, सरांना दिसलं नसेल. पुण्या-मुंबईचे जाणकार हसतील, म्हणतील नांदेडच्या म्हाताऱ्याला दिसत नाही. मी पानावर गुपचूप पांढरी केली, आणि त्यांना बदल कळू नये म्हणून सरांसमोर वाजवताना मात्र काळीच वाजवली. सरांनी समाधानानं मान हलवली.

पानं लातूरच्या छापखान्यात गेल्यावर सरांची फाईल लावताना रचनाकाराच्या हयातीतल्या पहिल्या छापील प्रतीची झेरॉक्स हाती आली. तिथं काळीच होती, अगदी स्वच्छ. खाली सरांच्या हातचं पेन्सिलीनं लिहिलेलं: 'विचित्र आहे, पण आहे.'

छापखान्याला फोन करून ते पान थांबवलं आहे, ते दुरुस्त होईल. पण सरांच्या कानाला फसवलं त्याचं काय? सांगायला म्हणून चार वेळा निघालो आणि चारही वेळा फाटकातून परत फिरलो. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथातला प्रत्येक लेख छापण्याआधी काकू सरांना वाचून दाखवतात, म्हणून इथं लिहिलं. ग्रंथाच्या संपादन समितीला हात जोडून विनंती, की यातला एकही शब्द मला सांभाळून घेण्यासाठी गाळू नये.

सर, तुम्ही शंभरी गाठा. डोळ्यांना आराम पडो, तब्येत ठणठणीत राहो, मनसोक्त रागवायचं बळ राहो. अजून दोन सोनाटे तपासायचे उरलेत. त्यांची पानं कुणाकडून वाजवून घ्यायची ते तुम्ही ठरवा. मीच असलो, तर शेजारी पान बघायला दुसरं कुणीतरी बसवा.