डब्यावरचं इंग्रजी

"पदरानं पूस तो फया," शेताचा मालक म्हणाला.

मी फळा पुसला. लुगड्याच्या पदरानं, मेडशीच्या आमच्या बुद्धविहारापुढं, अकरा बायांच्या देखत. खडू निघेना, तर म्हणाला, थुंकी लावून पूस. तेही केलं.

मी अठरा वर्षांची. वस्तीत मॅट्रिक झालेली एकटीच. बाजारच्या दिवशी मजुरीला सुट्टी, म्हणून दुपारी बायांना फुकट इंग्रजी शिकवायची. मजुरणींना इंग्रजी कशाला, असं आधी मलाही वाटलं होतं. पण बाया कपाशीवर मारायचं औषध बादलीत हातानं कालवत. रिकामे डबे मालक बक्षीस दिल्यासारखे वाटायचा आणि आम्ही त्यात पीठ ठेवायचो. डब्यावर सगळं इंग्रजीत. म्हणून मी ए बी सी डी सोडून आधी एकच शब्द घेतला, पॉयझन. महिनाभर तोच गिरवला. मग बायांनी डबे घरी आणणं सोडलं, कालवायला काडी मागितली. मालकाला तेच झोंबलं.

त्या दिवशी फळा पुसून घेतल्यावर तो जाताना बजावून गेला, उद्या तुझ्या मायनं हातानं कालवलं नाही तर वस्तीतल्या एकीलाही काम नाही.

माय म्हणाली, "बंद कर बाई हे. पोट कायनं भरू?"

मला खरंच बंद करायचं होतं.

सकाळी मी मायच्या मागोमाग वावरात गेले. मालक बांधावर उभा. मायनं बाही वर सारली, बादलीकडं हात नेला. तिच्या बोटांवरचे फोड मला दिसले. मी तिचं मनगट धरलं.

"हात नोको घालू माय. जहर हाय."

"कोन म्हनते?" मालकानं विचारलं.

"डब्यावर लिवेल हाय. वाचून दाखवू?"

तो काठी घेऊन दोन पावलं पुढं आला. मी वाचलं. मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून. मागं उभ्या बायांपैकी तिघींनी माझ्यासोबत म्हटलं.

त्यानं आम्हा सगळ्यांना वावरातून हाकललं. कित्येक दिवस वस्तीतल्या चुली धड पेटल्या नाहीत. काहींनी मला तोंडावर शिव्या घातल्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पुढच्या बाजारी चौघीच आल्या. रस्त्यावर चपलांचा आवाज झाला तरी मी दचकत होते.

तेव्हाच ठरवलं. चौघींना शिकवीन, एकच आली तर एकीला. भीत भीत शिकवीन. पण माझ्याकडून शिकलेली बाई न वाचता कशातही हात घालणार नाही, मग बांधावर कोणीही उभा असो.