ग्रे कापडातलं अस्वल

मुनीरचाचांना गप्प बसून वाट बघता येते, म्हणून त्यांना अस्वल केलं.

आमच्या गल्लीत मुलांचे विज्ञानाचे वर्ग घेणारी धम्मदिना एक नाटुकलं बसवत होती. विषय उत्तर ध्रुवाकडचं पांढरं अस्वल आणि ते ज्यांच्यावर जगतं ते सील. सील व्हायला पोरं हातघाईवर आली होती. अस्वल म्हणून मात्र कोणी टिकेना. सील बर्फाखालून पोहतो आणि श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो. अस्वल त्या भोकापाशी दबा धरून बसतं, कधी कधी तासन्‌तास. सीलचं नाक वर आलं की एकच झडप. आमची पोरं पाच मिनिटांतच खाजवायला लागायची.

"चाचा, तुम्ही बसाल?" धम्मदिनाने विचारलं.

"त्यात काय? दापोड्याच्या गोदामाच्या गेटवर तेच करतोय. फक्त तिथं सील येत न्हाय, ट्रक येतात."

आतून हबीबाचाची म्हणाल्या, "घरात दोन मिनिटं गप बसत न्हाय हा माणूस. याला बसायचा पगार लागतो."

चाचांचं सगळं आयुष्य कापड विणायच्या लूमवर गेलं. चाची त्याच शेडमध्ये कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायच्या. खडखडाटात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून दोघं हातांनी बोलायची. मग शेठने लूम भंगारात काढले आणि चाचा गोदामाचे वॉचमन झाले. छातीत राहिलेला कापसाचा कोंडा आणि माळ्यावर ठेवलेलं ग्रे कापडाचं एक थान, न कापलेला तागा, एवढंच लूमचं उरलं. ग्रे म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड. नाव ग्रे असलं तरी ते पिवळसर पांढरं असतं. अगदी अस्वलाच्या अंगासारखं.

चाचांनीच ते थान खाली काढलं. पण अट घातली. "कात्री लावायची न्हाय. चुण्या घालून शिव. खेळ झाला की उसवून परत थान गुंडाळायचं. माझ्या हातचं शेवटचं हाय."

चाचींनी तसंच शिवलं. आत जुन्या गादीचा कापूस भरला, डोकं अंगालाच जोडलं, पाठीवर चेन लावली. टाके घालता घालता त्यांनी धम्मदिनाला विचारलं, "बर्फ लवकर वितळला तर अस्वल उपाशी, बरोबर? मग सीलची तर चैन झाली."

"नाही ना, चाची. सीलची मादी बर्फावर साचलेल्या हिमात घर करते आणि त्यात पिल्लू ठेवते. आता अवेळी ऊब येते, कधी पाऊसच पडतो, आणि छप्पर खाली येतं. पिल्लू उघड्यावर गारठतं, नाहीतर कोणाच्या तरी तोंडी जातं."

"म्हणजे खाणारापण गेला आणि खायचापण गेला," चाची म्हणाल्या आणि दोरा दातांनी तोडला.

नाटुकलं एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी होतं, चाचांच्याच जुन्या शेडमध्ये. पत्र्याचं छप्पर, जमिनीत अजून लूमच्या बोल्टची भोकं. पंखे, माईक आणि बर्फ माझ्याकडे होता. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्याला गल्लीत अशीच कामं मिळतात. बर्फ म्हणजे गोदामांनी फेकलेलं थर्माकोल. खेळ पुढे सरकेल तसा एकेक तुकडा उचलायचा होता.

चाचा अस्वलात शिरले आणि पाठीची चेन तुटली. बाहेर प्रेक्षक टाळ्या पिटत होते. चाचींनी सुई काढली आणि पाठ शिवून टाकली. घाई होती, हाताला सवय होती. प्रत्येक टाक्यावर त्यांनी लूमवर तुटलेला धागा जोडताना मारतात ती गाठ मारली. बारीक, आणि ओढाल तशी आवळणारी.

"फरहानचे अब्बा, श्वास येतोय ना?" चाचींनी विचारलं.

"येतोय. तू जा, पुढं बस."

चाचा थर्माकोलातल्या भोकापाशी बसले आणि खरोखर हलले नाहीत. पोरं श्वास रोखून बघत होती. पहिला सील पकडला गेला, तेव्हा शेड दणाणली. आम्ही बर्फ उचलायला लागलो आणि वीज गेली. पंखे थांबले. धम्मदिना आवाज चढवून सांगू लागली, "बर्फ यंदाही लवकर फुटला. अंगावर चरबी चढवायचे दिवस कमी झाले. मोकळ्या पाण्यात सील अस्वलाच्या हाती लागत नाही. आता ते किनाऱ्यावर अडकलंय, बर्फ परत धरेपर्यंत."

अस्वल उघड्या फरशीवर इकडून तिकडे गेलं. परत आलं. मग आडवं झालं. आडवं व्हायचं ठरलेलंच होतं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडलं, "क्या ॲक्टिंग है, चाचा!"

पंजाची मूठ छातीवर दोनदा आपटली. पुन्हा दोनदा.

टाळ्या आणखी वाढल्या. फक्त चाची उठल्या. शेडमध्ये त्या खुणेचा अर्थ एकच असायचा: माझा लूम बंद कर.

त्या सीलांना ओलांडून धावल्या. पाठीचे टाके ओढले तर गाठी आवळल्या. "कात्री! कोणाकडे कात्री?" कोणाकडेच नव्हती. कात्री लावायची नाही म्हणून त्यांनी स्वतःचीही आणली नव्हती. आत चाचांचा श्वास शिटीसारखा वाजत होता. मी गाठीत नख घातलं, नखच तुटलं.

"सरक," चाची म्हणाल्या. त्यांनी गाठी सोडून दिल्या. खांद्यावरचं कापड दातांत धरलं, चीर पाडली आणि दोन्ही हातांनी ओढलं. थान या टोकापासून त्या टोकापर्यंत टर्रकन फाटलं. कापूस बाहेर आला, आणि मागून घामाने निथळणारे मुनीरचाचा.

आम्ही त्यांना उचलून दारातल्या पायरीवर बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं. त्यांच्या खिशातला दम्याचा पंप चाचींनी त्यांच्या तोंडाला लावला. बऱ्याच वेळाने शिटी थांबली. धम्मदिना रडत होती.

"रडते कशाला, पोरी? आतून सगळं दिसत होतं. सील इतके जवळ. अंग उचलवत न्हवतं." त्यांनी दम घेतला. "शेडचं दार पण दिसत होतं."

चाचींनी फाटकं कापड मांडीवर घेतलं. "थान गेलं तुमचं."

चाचांनी फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "सरळ फाटलंय. विणलंच होतं सरळ." मग उठायला गेले. "ड्युटी हाय."

"आज न्हाय."

"मग काय करू? घरी गप बसू?"

"बसा."

त्या दिवशी ते बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दापोड्यावरून जात होतो. पत्र्याच्या केबिनमध्ये चाचा गेटकडे तोंड करून बसले होते, जराही न हलता. मी हात केला. त्यांनी मूठ वर उचलली, छातीपाशी नेली आणि न आपटताच हसत खाली ठेवली.

मी गाडी थांबवली होती. पुढे काढायला मला जरा वेळच लागला.