हात नसलेला यंत्रमानव

रोबोट विकणाऱ्या माणसाने मला फसवलं. बाजारात याच्या उलट सांगितलं जातं, म्हणून आधी हे लिहून ठेवतो.

इंदिरानगरात मी साड्यांचं नवं दुकान उघडलं. मी फुटपाथवर चादर अंथरून धंदा सुरू केलेला माणूस, त्यामुळे उद्घाटन जंगी हवंच होतं. पत्रकं वाटली : दारात यंत्रमानव हात जोडून स्वागत करील.

विक्रेता म्हणाला, "शेठ, हा साधा रोबोट नाही, ह्यूमनॉइड आहे." भाव ऐकून मी भडकलो. म्हणालो, "हात काढून टाक, मग बोल."

आता भाव पाडायची ही रीतच आहे. गिऱ्हाईक म्हणतं, ब्लाउजपीस नको, पैसे कमी करा. आम्ही कुरकुरत पैसे कमी करतो, पण ब्लाउजपीस कापून ठेवून घेत नाही. या पठ्ठ्याने पैसे कमी केले आणि हात खरोखर ठेवून घेतले. उद्घाटनाच्या सकाळी खोकं उघडलं, तर आत डोकं, धड आणि खाली चाकं.

तेवढ्यात विंचूरचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलं. चाळीसेक साड्यांचं गिऱ्हाईक. त्यांच्या आजीबाई दारातच थांबल्या.

"आगं बया, याचे हात कुठं हायेत?"

"आजी, यायचेत अजून," मी म्हणालो.

"मंग लुगडी बी यायचीच आसतील. चला गं, दारातच आसं, तर आत काय आसंल!"

अख्खा बस्ता समोरच्या दुकानात गेला.

मी विक्रेत्याला फोन लावून शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, ह्यूमनॉइड म्हणजे माणसासारखा. माणूस नव्हे."

दुकानात शेजारचे निवृत्त प्राध्यापक चहा पीत होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "खरं आहे. पुढचा भाग लॅटिन, माणसाचा. मागचा 'ऑइड' ग्रीकमधून आला. त्याचा अर्थ रूप, आकार. माणसाच्या रूपाचा, एवढंच तो शब्द म्हणतो."

"म्हणजे शब्दसुद्धा दोन ठिकाणचा माल आणून जोडलेला?"

"तसं म्हणा. हात असलेच पाहिजेत, असं त्यात कुठे नाही."

इथे माझं डोकं फिरलं. 'सारखा' म्हणजे काय, हे मला शिकवणार? फुटपाथवर दहा वर्षं मी 'पैठणीसारखी' म्हणून साडी विकली. पण काठ आणि पदर नसलेली साडी पैठणीसारखी म्हणून कधी दिली नाही. 'सारखं' विकायलाही थोडी लाज लागते.

प्राध्यापक म्हणाले, "पण हात काढा, असं तुम्हीच म्हणालात ना?"

म्हणालो! घासाघिशीत माणूस काय वाटेल ते म्हणतो. ते बोलणं कोणत्या बाजारात खरं धरतात, हे त्या विक्रेत्याने माझ्या दुकानात येऊन सांगावं. विंचूरच्या आजीबाईंसमोर सांगावं. त्यांना आणायला गाडी मी पाठवतो.