विहीणबाईंची निर्गुडी

जगातल्या यच्चयावत विहिणींची नजर लग्नात मानपानावर असते. आमच्या मेहकरच्या विहीणबाईंची कुंपणावर होती. लेकीच्या सुपारीचा दिवस, बैठकीत पोहे येऊन निवले, आणि मुलाची आईच गायब! शोधायला गेले तर बाई परसात, नव्या साडीचा पदर खोचून, आमच्या निर्गुडीची पानं उलटीसुलटी करून बघत होत्या. “इहीनबाई, हे झाड कोनं लावलं? याच्यावर काही फवारता का?” माझ्या लेकीला स्वयंपाक येतो की नाही हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही. निर्गुडीची मात्र सात पिढ्यांची चौकशी केली.

विहीणबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. डेंग्यू, चिकुनगुनिया असे जे ताप डास आणून सोडतात, त्यांच्या विषाणूला रोखणारं काही आपल्या झाडपाल्यात आहे का, हा त्यांचा ध्यास. पानं वाळवायची, त्यांचा अर्क काढायचा, तो लांबच्या प्रयोगशाळेत धाडायचा. तिथे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर त्याची परीक्षा होते. त्यापायी घरातली एकही खाट माणसाच्या वाट्याला येत नाही. दिवाळीला गेले तेव्हा “बसा ना, बसा ना” असा आग्रह झाला, पण जिथे टेकावं तिथे पाला! मी फराळ उभ्यानेच केला.

प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी हवीच: झाड, गाव, तारीख आणि तोडणाऱ्याचं नाव. चिठ्ठी वाचता आली नाही की पिशवी उकिरड्यावर. एकदा व्याही बिचारे हिवरा आश्रमाहून भर उन्हात, बसच्या गर्दीत पिशवी मांडीवर सांभाळत आले. घामाने चिठ्ठीवरचं गाव पुसलं होतं. “अगं, मी सांगतो ना, हिवरा आश्रम!” ते काकुळतीला आले. “तुमी सांगून राह्यले. चिठ्ठी नाई सांगत,” असं म्हणून बाईंनी पिशवी रिकामी केली. व्याह्यांनी त्या दिवशी जेवताना भाजीतली कोथिंबीरसुद्धा संशयाने पाहिली.

हे सगळं मी हसून सांगत असे, चिकुनगुनिया माझ्या घरी येईपर्यंत. मी जन्मभर दुसरबीडच्या शाळेत शिकवलं. फळ्यावरचा माझा सुविचार वाचायला रस्त्याने जाणारी माणसं थबकत, इतकं माझं अक्षर. ताप आठवड्यात उतरला, पण बोटं आखडली ती आखडलीच. पेन धरवेना. आमच्याच निर्गुडीचा अर्क त्या बशीत विषाणूला भारी पडला, हे लेकीकडून कळलं होतं. मी फोन लावला. “एक चमचाभर द्या हो.”

“नाई.”

“मी काय परकी आहे?”

“आपल्या हाय, म्हनून तर नाई. बशीतलं तुमच्या पोटात गेल्यावर काय करन, मले माहीत नाई. माहीत नसलेलं मी तुमाले कशी देऊ?”

मी फोन ठेवला. लग्नात जो मानपान घ्यायचा राहिला होता, तो सगळा त्या क्षणी अंगात आला. लेकीला म्हटलं, “तुझ्या सासूने मला चमचाभर पाला नाकारला.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने विहीणबाई दारात! हातात पिशवी. मला वाटलं, विरघळल्या. पिशवीतून निघाली मच्छरदाणी आणि मुगाच्या खिचडीचा डबा. आधी मला डॉक्टरांकडे नेलं. मग घरातला रांजण, टाकी, झाडांखालच्या ताटल्या, ह्यांचा लाडका कूलर, सगळं उपडं करून घासलं. तेवढ्याने भागेना तेव्हा शेजाऱ्यांच्या टाक्यांकडे वळल्या. “औषध याले टाइम लागन, अळ्या आजच मारता येते.” आठ दिवस राहिल्या, माझी बोटं रोज गरम पाण्याने शेकली. माझा रुसवा कोणत्या दिवशी गेला, मला सांगता यायचं नाही.

पुढे कळलं की त्या अर्काने विषाणू रोखला खरा, पण मात्रा वाढवली की पेशीही मरत होत्या. आता त्यातला कामाचा भाग वेगळा काढायचा आहे. “म्हणजे मी तेव्हा प्यायले असते तर?” मी विचारलं. “तेच तर माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली. सख्ख्या विहिणीच्या तोंडावर ‘माहीत नाही’ म्हणणारी हीच एक. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

“औषध कधी होईल?”

“होईन का, तेच पक्कं नाई. अन् झालं तरी आपून दोघी नसू कदाचित. नात असन आपली.”

गेल्या आठवड्यात त्या पुन्हा पानांसाठी आल्या. या वेळी पानं मीच तोडली, सकाळ गेली तोडण्यात. विहीणबाईंनी कोरी चिठ्ठी पुढे ठेवली. मी लिहिलं, अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी. त्यांनी वाचलं, बाजूला ठेवलं आणि दुसरी चिठ्ठी दिली. तीही बाजूला. ह्यांना राहवेना. “अहो, तुम्हीच लिहा ना!”

“तोडलं त्याइनं, लिहितीन बी त्याच.”

तिसरी लिहीपर्यंत चहा गार झाला. त्यांनी ती चष्म्याजवळ नेली: निर्गुडी, दुसरबीड, तारीख, माझं नाव. “आता वाचता येते,” म्हणाल्या आणि चिकटवली.

मी त्यांना बसपर्यंत पोचवायला गेले. खिडकीशी बसून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, आणि चिठ्ठीला घाम लागू नये म्हणून तिच्यावर स्वतःचा रुमाल पसरला.