चांगुणाच्या नावची जागा

गावाचं नाव सांगत नाही. लोहाऱ्याहून तुळजापूरकडं जाताना लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तात्यारावांची नातवंडं मोटारसायकलीवर माझ्या दारात येतील, त्यांना चहा पाजावा लागेल, आणि घरात सध्या साखर नाही.

तर आमच्या गावाला चौपाटी होती. हसू नका. समुद्र आमच्यातल्या एकानंही बघितला नव्हता. पण बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं लोकांच्या हाताला काम म्हणून तळं खोदलं, पुढचे पावसाळे बरे गेले, तळं भरलं आणि तात्याराव साखर कारखान्याच्या कामासाठी एकदा मुंबईला जाऊन आले. आल्यावर तळ्याच्या भरावावर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "सेम चौपाटी!" झालं. महिन्याभरात सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. चेअरमन तात्याराव, सेक्रेटरी त्यांचा मेहुणा आणि सभासद कोण, ते मेहुण्याच्या लग्नातला फोटो बघून ओळखावं. तळ्याकाठी अकरा बंगले उठले. बंगला म्हणजे वर गच्ची आणि गच्चीवर पाण्याची टाकी. टाकीत पाणी चढायचं नाही, पण खालून दिसायची झकास.

बंगल्यांची ओळ संपते तिथं चांगुणाचं खोपट होतं. ते बंगल्यांच्या आधीचं. तळं खोदायला ती पहिल्या दिवसापासून होती. पाट्या वाहून वाहून टाळूवरचे केस गेले, ते पुन्हा आले नाहीत. नवरा त्याच कामावर दरडीखाली गेला. काम संपल्यावर सगळे आपापल्या घरी परतले, ही तिथंच राहिली. कुणी विचारलं की म्हणायची, "माजा मालक हितं हाय, मी कुटं जाऊ?" पुढं कुणी विचारायचं सोडून दिलं.

आता तिचा धंदा सांगतो. आमचा बाजार मंगळवारचा. आजूबाजूच्या खेड्यांतून, पार कर्नाटकच्या शिवेवरून चाळीस-पन्नास बैलगाड्या यायच्या. पाणी जवळ म्हणून सगळ्या तळ्याकाठीच सुटायच्या. गाडीवान बाजारात जायचे आणि बैल, गाडी, कडबा, घोंगडी सगळं चांगुणाच्या नजरेखाली. त्या बदल्यात शेण तिचं. असा करार कुणी लिहिला नव्हता, पण गाडीवान आपल्याच बैलाचं शेणसुद्धा उचलायचा नाही. एकदा एका नव्या माणसानं पाटीत भरायला घेतलं, तर हणमंतप्पा नावाच्या म्हाताऱ्या कानडी गाडीवानानं त्याचा हात धरला. "ते अव्वाचं हाय. ठेव खाली." अव्वा म्हणजे त्यांच्याकडं आई. बुधवारपासून चांगुणा गवऱ्या थापायची. तुळजापूरच्या दोन हॉटेलांच्या भट्ट्या तिच्या गवऱ्यांवर चालायच्या. कुणापुढं हात पसरायचा नाही, ऊसतोडीच्या टोळीबरोबर गाव सोडून जायचं नाही, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढं त्या गाड्यांवर भागत होतं.

तोंड मात्र तिखट. माझं शिलाईचं मशीन तळ्यावरच्या लिंबाखाली असायचं. येता-जाता माझी हजेरी घ्यायची.

"कोंडीरामभाऊ, तेल मशीनला घालताव का जिभेला?"

"दोन्हीला घालतो. तुझ्या जिभेला तर लागतच नाही, आधीच चालू हाय."

"चालतीया म्हणून तर जगली."

शहाऐंशी साली पाऊस रुसला. तळं निम्म्यावर आलं. आणि नेमकं त्याच वर्षी द्वारकाबाईंच्या नाकाला काहीतरी झालं. द्वारकाबाई म्हणजे तात्यारावांचं कुटुंब. माहेरी अकरा म्हशी, लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत बाईंनी शेणाचा हात धुतलेला नव्हता, हे मला त्यांच्या सख्ख्या मावशीनं सांगितलं. पण बंगल्यात आल्यावर त्यांना शेणाच्या वासानं चक्कर येऊ लागली. ग्रामपंचायतीत ठराव झाला: तळ्याचे पाणी व परिसर शुद्ध राहावा म्हणून तळ्याकाठी फक्त रहिवाशांची वाहने थांबतील, दर घरामागे एक जागा, बाहेरगावच्या गाड्यांना मनाई. तात्यारावांचा ड्रायव्हर रोज जीप तळ्यात उतरवून धुवायचा आणि पाण्यावर डिझेलचे सात रंग तरंगायचे, त्याबद्दल ठरावात काही नव्हतं. जीप रहिवाशी होती ना.

चांगुणा माझ्याकडं आली. "भाऊ, अर्ज लिवा."

मी सातवी पास. गावातले निम्मे अर्ज आणि एक सोडून सगळी प्रेमपत्रं माझ्या हातची. मी लिहिलं, की या मनाईनं पाण्याचं काय भलं होणार आणि माणसांचं काय वाईट होणार हे आधी येऊन तपासावं, मग ठराव अमलात आणावा. खाली तिचा अंगठा. वाटलं होतं, जिल्ह्याला जाईल आणि पडून राहील. पण त्या काळात 'पर्यावरण' हा शब्द सरकारात नवा नवा आला होता आणि नव्या सुनेसारखं त्याचं कौतुक चाललं होतं. महिन्यात पत्र आलं. साहेब स्वतः पाहणीला येणार, बाहेरच्या गाड्यांचा परिणाम डोळ्यांनी बघणार. वार मंगळवार. बाजाराचाच दिवस.

मी म्हटलं, "चांगुणाबाई, जिंकलीस. पन्नास गाड्या साहेब बघतील, तू मधे हुबी ऱ्हा आणि सांग, ह्यावर मी जगते."

तिचं तोंड उतरलं. "घाण दिसंल की वो."

"अगं, कसली घाण?"

"बहात्तरला साहेब आल्ता," ती म्हणाली. "कामावरच्या झोपड्यांपाशी चिखल बघितला, माशा बघितल्या, म्हनला रोगराई व्हईल. आठ दिस काम बंद. आठ दिस आमी रानातली चिगळाची भाजी उकडून खाल्ली. साहेबाला घाण दिसली की साहेब बंद करतंय, भाऊ. तुमाला ठावं न्हाय."

मला ते पटलं नाही. पण त्या दिवशी मला एक ब्लाउज द्यायचा होता, आणि ब्लाउज कुणाचा याबद्दल गावात चर्चा होती. तिच्याशी वाद घालायला मला वेळ नव्हता.

सोमवारी सकाळी लिंबाखाली मशीन मांडलं आणि बघतो तर चांगुणाच्या हातात खराटा. तुम्हाला यात काही वाटणार नाही. गावाला वाटलं. छप्पन साली तिच्या सासऱ्यानं धर्म बदलला, त्या दिवशी गावकीची झाडलोट टाकली, आणि त्यानंतर तीस वर्षं त्या घरातल्या कुणी गावासाठी खराटा धरलेला नव्हता. दुष्काळातसुद्धा नाही. आणि ही आता भराव झाडत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बंगल्यांच्या गच्चीवर माणसं जमली. तात्यारावांचा मेहुणा वरून म्हणाला, "आली की वळणावर!" चांगुणानं वर बघितलं नाही.

शेणाचा कण ठेवला नाही. गवऱ्यांच्या राशी खोपटामागं नेऊन कडब्यानं झाकल्या. दावणीच्या मेखा उपटल्या. चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या होत्या, त्यांत पाटीनं मुरूम आणून भरला, वरून पाणी शिंपडून पायानं दाबला. मी म्हटलं, "लगीन हाय का कुणाचं?" तर म्हणाली, "साहेब म्हनला पायजे, गाड्या आल्या तरी बाई जागा आरशावानी ठेवती." मला हसू आलं आणि मी हसलो. ते हसायला नको होतं.

मंगळवारी पहाटेच ती वेशीबाहेर जाऊन उभी राहिली. गाडी आली की अडवायची. हणमंतप्पाला म्हणाली, "आप्पा, आजच्या बाजारी गाड्या वढ्याच्या पल्याड सोडा."

"याक अव्वा? का म्हून?"

"साहेब यायलाय. बैल हाय म्हणल्यावर शेण टाकणारच की. एकच बाजार. म्होरल्या मंगळवारी या हक्कानं."

हणमंतप्पानं मान हलवली आणि बैल वळवले. त्याच्यामागं सगळे वळले. त्या माणसांत तिच्या शब्दाला एवढा मान होता.

साहेब अकराला आले. पांढरा सदरा, हातात पॅड, बरोबर बाटलीत तळ्याचं पाणी भरून न्यायला एक माणूस. तात्यारावांनी हार घातला. द्वारकाबाईंनी शिरा केला होता. शिरा खाऊन साहेब भरावावर आले, इकडून तिकडं चालले आणि थांबले.

"अर्जदार कोण?"

चांगुणा पुढं झाली. नवं लुगडं नेसली होती.

"बाई, इथं बाहेरच्या गाड्यांनी घाण होते का?"

"न्हाय साहेब. बगा की तुमीच. कण सापडला तर सांगा."

"छान आहे जागा," साहेब म्हणाले. "पण गाड्या येतात ना इथं?"

"येत्यात की. चाळीस, पन्नास."

"कधी?"

"बाजारी. दर मंगळवारी."

साहेबांनी सगळीकडं नजर फिरवली. तात्याराव इतक्या गोड आवाजात कधी बोलले नव्हते. "साहेब, आज मंगळवारच आहे. बाजार भरलाय, आवाज ऐकू येतोय बघा. एक तरी गाडी दिसती का?"

चांगुणाच्या तेव्हा ध्यानात आलं. मी तिच्याकडंच बघत होतो. तिचा हात पदराला गेला आणि तिथंच राहिला.

"म्या पाठिवल्या, साहेब," ती म्हणाली. "म्याच म्हणलं, वढ्याच्या पल्याड सोडा. चला, दावते."

"मग त्या ओढ्याकाठी सोडता येतात, असंच ना?" साहेब म्हणाले. वाईट बोलले नाहीत, हिशेबी माणूस होता, दिसलं ते विचारलं. "जमिनीवर चाकाची खूण नाही, खुंटी नाही, शेण नाही. मी लिहू काय?"

"म्या झाडलं वो! म्या बुजवलं!"

"ती झाडते, साहेब," वरून मेहुणा म्हणाला. "झाडायचंच काम आहे तिचं."

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. पन्नासभर माणूस गोळा झालं होतं. "गावकऱ्यांपैकी कुणाला काही सांगायचंय?" माझ्या खिशात तात्यारावांच्या पोराच्या लग्नाच्या कपड्यांची मापं होती, सतरा सदरे, अकरा पायजमे. अर्ज माझ्या अक्षरात होता आणि तात्यारावांना माझं अक्षर ओळखू येत होतं. मी बुटाचा बंद सोडला आणि परत बांधला.

अहवाल आला. ग्रामपंचायतीत मोठ्यानं वाचला. सदर जागेवर बाहेरील गाड्या थांबत असल्याचे आढळून आले नाही. सबब प्रस्तावित मर्यादेचा कोणाच्याही उपजीविकेवर परिणाम संभवत नाही. रहिवाशांनी परिसर अत्यंत स्वच्छ राखला असून ते अभिनंदनास पात्र आहेत. अभिनंदनाचं वेगळं पत्र आलं, ते द्वारकाबाईंनी फ्रेम करून बैठकीत लावलं.

भरावाच्या तोंडाशी लोखंडी आडवा दांडा बसला आणि दांड्यापाशी बलभीम नावाचा राखणदार. आतमध्ये प्रत्येक घराच्या नावाची पाटी, चुन्याची चौकट. चांगुणा रहिवाशी होती, रेशनकार्डावर तसं होतं, म्हणून तिच्याही नावची पाटी लागली. बारावी जागा. तात्याराव सभेत म्हणाले, "आमी दुजाभाव करत न्हाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

चांगुणाकडं गाडी कुठली? तिनं डोकं चालवलं. पुढच्या मंगळवारी हणमंतप्पाची गाडी घेऊन दांड्यापाशी आली. "हे माज्या जाग्यावर थांबतील. माजे पाव्हणे हायत."

बलभीम विचारून आला. "वाहन रहिवाशाच्या सोताच्या नावावर पायजे म्हणत्यात."

"बैलाच्या बी नावाचा कागद असतोय व्हय रं?"

"मला काय इचारती, मावशे? मी पगारी."

हणमंतप्पानं बैल वळवले. ओढ्याच्या पलीकडं गाड्या सुटत राहिल्या, तिथलं शेण त्या रानाच्या मालकानं धरलं. दिवाळी झाल्यावर चांगुणा ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. वय पंचावन्न. कोयता घेतलेली बाई मी पाठमोरी बघितली. हाक मारली नाही.

फेब्रुवारीत तळं तळाला गेलं. ज्या पाण्यासाठी हे सगळं, ते पाणी गेलं आणि बंगल्यांना टँकर सुरू झाला. टँकर बाहेरगावचा. बलभीमनं तो दांड्याशी अडवला, नियम म्हणजे नियम. द्वारकाबाई भर उन्हात हंडा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, ते मी लिंबाखालून पोटभर बघितलं. चार दिवसांत टँकरसाठी वेगळा ठराव झाला.

वैशाखात टोळी परतली. टोळीची गाडी चांगुणाला सोडायला आली. आत तिच्या नावाच्या पाटीखाली तात्यारावांची दुसरी जीप उभी होती, आणि गाडी दांड्यापाशी थांबली. बलभीम खाली बघत म्हणाला, "मावशे, तू जा आत. गाडी न्हाय जायची." चांगुणा उतरली नाही. आतल्या जीपकडं बघितलं, खोपटाकडं बघितलं, कूड एका बाजूनं पडला होता. मग गाडीवानाला म्हणाली, "लोहाऱ्याला चल."

लोहाऱ्यात तिची भाची होती. आठवड्यानं मी तिचा पाटा-वरवंटा एस.टी.त घालून पोचवायला गेलो. भाचीच्या ओसरीवर ती बसली होती, उजव्या हाताची बोटं वाकडी झाली होती. पाटा मी भिंतीला लावला. 'बसा' म्हणाली नाही.

"कोंडीरामभाऊ," ती म्हणाली, "अर्ज तर तुमीच लिवला व्हता. गावात कोंबडी आंड्यावर बसली तरी तुमी चार गावं सांगत हिंडताव. त्या दिशी साहेबानं इचारलं, तवा का वो बोलला न्हाई?"

मी टोपी काढली, पुन्हा घातली.

"ऊन लई झालंय," मी म्हणालो. "साडेबाराची गाडी चुकंल."

ती साडेबाराची गाडी नव्हती. एक वाजता होती. मी स्टँडावर अर्धा तास उन्हात उभा होतो.